मायकेल फॅरडे : उमेदवारीतील एक उन्हाळा

उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हांला पुढील गोष्टी साध्य करता येतील :
• मायकेल फॅरडे यांच्या तरुणपणाची सामाजिक व धार्मिक पार्श्वभूमी सांगता येईल.
• इ. स. १८१२ च्या उन्हाळ्यातील त्यांचे प्रयोग, वाचन, मैत्री आणि पत्रलेखन यांचा परस्परसंबंध स्पष्ट करता येईल.
• चरित्रनायकाच्या आयुष्यातील एखादा लहान कालखंड निवडून त्याआधारे व्यक्तिमत्त्व कसे उभे करता येते, हे समजून घेता येईल.

१. प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, थोर पुरुषांची चरित्रे वाचताना आपल्याकडून नकळत एक चूक होते. चरित्रनायक पुढे कोण झाला हे आपल्याला आधीच ठाऊक असते. त्यामुळे त्याच्या बालपणातील प्रत्येक खोडी आपल्याला प्रतिभेची खूण वाटू लागते आणि तरुणपणातील प्रत्येक अडचण ही केवळ यशाकडे जाणारी पायरी भासते. ज्याने ते आयुष्य प्रत्यक्ष जगले, त्याला मात्र पुढची पाने वाचण्याची सोय नव्हती. उद्या काय होणार हे ठाऊक नसतानाच त्याला आजचा दिवस काढावा लागला.

या घटकात आपण मायकेल फॅरडे यांच्या चरित्राकडे याच भूमिकेतून पाहणार आहोत. विद्युतजनित्राच्या मुळाशी असलेला नियम शोधणारे आणि विद्युतधारितेच्या एककाला ज्यांचे नाव मिळाले ते फॅरडे शालेय पाठ्यपुस्तकामुळे तुम्हांला परिचित असतील. परंतु येथे आपला मुक्काम प्रामुख्याने एकाच उन्हाळ्यात राहील. वर्ष १८१२, गाव लंडन. या वेळी मायकेल वीस वर्षांचा होता. तो पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करीत होता, म्हणजे ठरावीक वर्षे मालकाच्या हाताखाली राहून धंदा शिकत होता. त्याच्याकडे पदवी नव्हती, पैसा नव्हता आणि ओळखीपाळखीही फारशा नव्हत्या. उमेदवारीचा करार ऑक्टोबर महिन्यात संपणार होता. त्यानंतर काय, या प्रश्नाचे उत्तर त्याच्याजवळ नव्हते.

अशा उन्हाळ्यात हा तरुण कशाचा विचार करीत होता, सुटीच्या दिवशी काय करीत होता, रस्त्याने चालताना त्याचे मन कोठे रमत होते, हे आपल्याला बऱ्याच तपशिलाने सांगता येते. त्याचे कारण त्याने याच उन्हाळ्यात एका मित्राला पत्रे लिहिण्यास आरंभ केला आणि ती पत्रे टिकून राहिली.

२. लोहाराचे घर आणि एक लहान मंडळी

मायकेलचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी लंडनच्या दक्षिणेस न्यूइंग्टन बट्स येथे झाला. वडील जेम्स हे लोहार. ते इंग्लंडच्या उत्तर भागातून कामाच्या शोधात लंडनला आले होते. आई मार्गारेट शेतकरी कुटुंबातील होती. चार भावंडांत मायकेल तिसरा. पुढे हे कुटुंब लंडनच्या पश्चिम भागात एका गाडीखान्याच्या वरच्या मजल्यावरील खोल्यांत राहू लागले. वडिलांची प्रकृती साथ देत नसे, त्यामुळे भट्टीवरचे काम वारंवार बंद पडे आणि घरात चणचण भासे. शाळेत मायकेलला वाचन, लेखन आणि अंकगणिताची तोंडओळख यांपलीकडे काही मिळाले नाही. १८१० च्या ऑक्टोबरमध्ये वडील वारले. तेव्हा मायकेल एकोणीस वर्षांचा होता.

या कुटुंबाची खरी मिळकत वेगळी होती. फॅरडे घराणे सँडेमनियन नावाच्या एका अगदी लहान ख्रिस्ती पंथाचे होते. स्कॉटलंडमध्ये जॉन ग्लास यांनी अठराव्या शतकात हा पंथ सुरू केला आणि त्यांचे जावई रॉबर्ट सँडेमन यांच्यामुळे त्याला हे नाव मिळाले. धर्मसंस्थेने राजसत्तेच्या आश्रयाला राहू नये, बायबलमधील वचन आहे तसे समजून घ्यावे, त्यात आपल्या कल्पनांची भर घालू नये, संपत्तीचा साठा करू नये, अशी या मंडळीची शिकवण होती. त्यांच्यात पगारी धर्मोपदेशक नसत. मंडळीतील निवडलेले वडीलच उपासना चालवीत. रविवारी सकाळ-दुपारच्या उपासनेच्या मध्ये सर्वजण एकत्र बसून प्रीतिभोजन घेत. त्या पंगतीत लोहार, विणकर आणि व्यापारी असा भेद नसे.

येथे एक गोष्ट तुम्ही ध्यानात घ्यावी. त्या काळी ऑक्सफर्ड व केंब्रिज या विद्यापीठांची पदवी प्रस्थापित इंग्लिश चर्चबाहेरच्या व्यक्तीला मिळू शकत नसे. त्यामुळे गरिबी आडवी आली नसती, तरी मायकेलचा पंथ आडवा आलाच असता. उच्च शिक्षणाचा दरवाजा त्याच्यासाठी दोन कुलपांनी बंद होता.

३. बांधणीच्या दुकानातील विद्यापीठ

१८०४ साली, वयाच्या तेराव्या वर्षी, मायकेल ब्लँडफर्ड स्ट्रीटवरील जॉर्ज रिबो यांच्या दुकानात निरोप्या म्हणून लागला. रिबो पुस्तके विकत आणि पुस्तकांची बांधणीही करीत. भाड्याने दिलेली वर्तमानपत्रे घरोघर पोहोचविणे आणि परत आणणे हे मायकेलचे पहिले काम होते. ७ ऑक्टोबर १८०५ रोजी त्याचा सात वर्षांचा उमेदवारीचा करार झाला. अशा करारासाठी मालकाला रक्कम द्यावी लागे, परंतु मुलाची प्रामाणिक सेवा पाहून रिबो यांनी ती घेतली नाही.

बांधणीसाठी आलेले पुस्तक शिवावे, ठोकावे, कातड्यात मढवावे आणि गिऱ्हाइकाला परत करावे, एवढेच उमेदवाराचे काम. मायकेल मात्र ती पुस्तके उघडून वाचू लागला. एका ज्ञानकोशातील विजेवरचा लेख असाच त्याच्या हाती आला. जेन मार्सेट या लेखिकेचे रसायनशास्त्रावरील संवादात्मक पुस्तकही त्याला याच काळात मिळाले. त्यातील विधाने खरी आहेत की नाहीत हे पाहण्यासाठी त्याने आठवड्याला काही पेन्स खर्चून स्वतः साधे प्रयोग केले आणि पुस्तक खरे ठरले तेव्हाच त्याचा त्यावर विश्वास बसला. मालक उदार होते. त्यांनी या उद्योगाला हरकत घेतली नाही.

वाचनाला शिस्त लावली ती आयझॅक वॉट्स यांच्या मनाच्या सुधारणेवरील ग्रंथाने. वॉट्स हे धर्मोपदेशक आणि स्तोत्रकर्ते होते. टिपणवही ठेवावी, व्याख्याने ऐकावीत, जाणत्या लोकांशी संवाद करावा, मित्रांशी पत्रव्यवहार करावा, शब्दांचा नेमका अर्थ पाहावा आणि घाईने मत बनवू नये, असा त्यांचा उपदेश. मायकेलने तो जवळजवळ नियमासारखा पाळला. त्याने टिपणवही सुरू केली. १८१० च्या फेब्रुवारीपासून तो जॉन टेटम यांच्या घरी होणाऱ्या विज्ञानविषयक व्याख्यानांना जाऊ लागला. प्रत्येक व्याख्यानाचे शुल्क एक शिलिंग होते. लोहारकाम करणारा थोरला भाऊ रॉबर्ट ते देई. व्याख्यानांतील उपकरणांची चित्रे नीट काढता यावीत म्हणून रिबो यांच्याकडे राहणाऱ्या मास्केरिये या चित्रकाराकडून मायकेलने यथादर्शन रेखाटन शिकून घेतले. मग सर्व टिपणे स्वच्छ लिहून त्याने स्वतःच त्यांचे ग्रंथ बांधले.

हे ग्रंथ रिबो यांनी कौतुकाने एका गिऱ्हाइकाला दाखविले. त्यातून विल्यम डान्स यांच्याकडून मायकेलला रॉयल इन्स्टिट्यूशनमधील चार व्याख्यानांची प्रवेशपत्रे मिळाली. व्याख्याते होते हंफ्री डेव्ही, त्या काळचे इंग्लंडमधील सर्वांत नामवंत रसायनशास्त्रज्ञ. १८१२ च्या फेब्रुवारीअखेरीपासून एप्रिलपर्यंत झालेली ती चार व्याख्याने मायकेलने वरच्या सज्जात, घड्याळाच्या माथ्यावर बसून ऐकली आणि टिपून घेतली. नंतर व्याख्याने संपली, प्रवेशपत्रे संपली आणि उन्हाळा आला.

४. सात चकत्या आणि सात नाणी

त्या उन्हाळ्यात युरोपवर युद्धाचे सावट होते. जूनच्या अखेरीस नेपोलियनच्या सैन्याने रशियात पाऊल टाकले होते. लंडनमध्ये मे महिन्यात पंतप्रधान स्पेन्सर पर्सिव्हल यांची संसदभवनातच हत्या झाली होती. मायकेलचे मन मात्र याहून लहान वस्तूंमध्ये गुंतलेले होते.

रविवार, १२ जुलै १८१२ रोजी त्याने बेंजामिन ॲबट या मित्राला पहिले दीर्घ पत्र लिहिले. ॲबट टेटम यांच्या व्याख्यानांना येणाऱ्या तरुणांपैकी एक होता. तो वयाने थोडा लहान, पण अधिक शिकलेला, क्वेकर पंथाचा आणि शहरात कारकुनी करणारा होता. दोघेही लंडनमध्येच राहत आणि एकमेकांच्या घरी जात. मग पत्रे कशासाठी? त्याचे उत्तर मायकेलने पत्राच्या आरंभीच दिले आहे. आपले लेखन कच्चे आहे, विचार मनात येतात आणि लिहिण्याआधीच निसटून जातात, व्याकरणाची बाजू दुबळी आहे, हे त्याला कळत होते. पत्र लिहिल्याने विचार स्पष्ट होतात आणि ते दुसऱ्याला समजतील अशा रीतीने मांडण्याची सवय लागते, असे त्याने मित्राला समजावून सांगितले. तेव्हा हा पत्रव्यवहार म्हणजे मायकेलने स्वतःसाठी आखलेला एक अभ्यासक्रमच होता.

याच पत्रात त्याने आपल्या पहिल्या विद्युतघटाची हकिगत मोठ्या थाटात सांगितली आहे. इटलीच्या अलेस्सांद्रो व्होल्टा यांनी १८०० साली जाहीर केलेला व्होल्टा स्तंभ त्या काळी नव्या विज्ञानाचे प्रतीक बनला होता. दोन भिन्न धातूंच्या चकत्या आणि त्यांमध्ये क्षारयुक्त पाण्यात भिजविलेले कापड किंवा कागद अशी रास रचली की तिच्यातून सतत विद्युतप्रवाह मिळतो. डेव्ही यांनी मोठमोठ्या विद्युतघटमालांच्या साहाय्याने पोटॅशियम, सोडियम अशी मूलद्रव्ये वेगळी केली होती. बांधणीच्या उमेदवाराला ते वैभव कोठून मिळणार? त्याने जस्ताच्या पत्र्यातून अर्ध्या पेनीच्या आकाराच्या सात चकत्या कापल्या. तांब्याच्या चकत्यांऐवजी खिशातील अर्ध्या पेनीची सात तांब्याची नाणीच घेतली. मध्ये मिठाच्या पाण्यात भिजविलेले कागदाचे सहा तुकडे घातले. झाला विद्युतघट!

आपला हा थाट हास्यास्पद आहे हे त्यालाही कळत होते. म्हणूनच त्याने तो मुद्दाम फुगवून, एखाद्या पराक्रमाचे वर्णन करावे तसा सांगितला आणि मित्राला हसण्याची मुभा दिली. परंतु पुढच्याच ओळींत स्वर बदलतो. स्तंभाच्या दोन टोकांच्या तारा त्याने मॅग्नेशियम सल्फेटच्या, म्हणजे औषधी एप्सम क्षाराच्या, द्रावणात बुडविल्या. तारांवर वायूचे बुडबुडे जमले. ऋण टोकाच्या तारेवरून अतिसूक्ष्म बुडबुड्यांची अखंड धार निघू लागली. सुमारे दोन तासांत स्वच्छ द्रावण गढूळ झाले. क्षाराचे अपघटन होऊन त्यातील मॅग्नेशिया द्रावणात तरंगू लागला होता. इतक्या क्षुल्लक साधनात एवढे सामर्थ्य असेल याची त्याला कल्पना नव्हती. लगेच त्याने अधिक मोठ्या चकत्यांचा दुसरा स्तंभ रचला आणि प्रयोग पुढे चालू ठेवले.

या प्रसंगातील एक बाब वाङ्मयाच्या विद्यार्थ्याने आवर्जून पाहावी. प्रयोगाची हकिगत सांगताना मायकेल काय वापरले, काय दिसले, किती वेळ लागला, कशावरून निष्कर्ष काढला, हे क्रमाने सांगतो. विनोद आणि अचूकपणा हे दोन्ही एकाच परिच्छेदात नांदतात. आपले म्हणणे मित्राने केवळ मैत्रीखातर मान्य करू नये, यासाठी त्याने पुरावा पुढे ठेवला आहे.

५. पावसातील एक रविवार

यानंतरचे पत्र सोमवार, २० जुलैचे आहे. या पत्राने आदल्या संध्याकाळचा वृत्तान्त जपून ठेवला आहे. तो समजून घेण्यापूर्वी एक गोष्ट लक्षात घ्या. आपल्याकडे जुलै म्हणजे पावसाळा. लंडनमध्ये जुलै हा ऐन उन्हाळा असतो, तथापि तेथे उन्हाळ्यातही पाऊस केव्हाही येतो.

रविवारी संध्याकाळी मायकेल ॲबटच्या घरून निघाला. ते घर थेम्स नदीच्या दक्षिणेस बर्मंडसी भागात होते आणि मायकेलला नदी ओलांडून शहराच्या वायव्य भागात पोहोचायचे होते. पाऊस पडत असल्यामुळे तो धावतच सुटला. धावताना अंग तापले, तेव्हा व्यायामाने प्राण्यांच्या शरीरात उष्णता कशी निर्माण होते या विचारात तो पडला. तोच पाय डबक्यात गेला. लगेच मन उष्णतेवरून द्रवाकडे वळले : एखादी वस्तू द्रवात पडते तेव्हा द्रव तिला कसा विरोध करतो? हा विचार गुंतागुंतीचा होत असतानाच एका पन्हळीचे पाणी अंगावर कोसळले. पन्हळीतून सुटलेली धार वक्राकार पडते. तेव्हा ब्लॅकफ्रायर्स पुलापर्यंत प्रक्षेपित वस्तू आणि अन्वस्त वक्र यांनी त्याचे डोके व्यापले. पुलावर समोरून वारा आला, मान खाली गेली आणि फरसबंदीचा उतार दिसू लागला. आता विषय आला उतरणीचा. पूल ओलांडल्यावर तो तीन-चार फूट अलगद घसरला आणि मग घर्षण कसे कमी करता येईल याची चर्चा मनात सुरू झाली. होबर्न भागात पावसाने जोर धरला. पडणाऱ्या वस्तूंचा वेग आणि संवेग हा विषय त्याच्या डोक्यावर, कानांवर आणि पाठीवर अक्षरशः आदळू लागला. मोजण्याचे साधन जवळ नव्हते, परंतु कोट किती लवकर भिजला यावरून तो संवेग बराच असावा असा निष्कर्ष त्याने काढला. तेथून घरापर्यंत तो आकाशाकडे पाहत, ढगांचे प्रकार ओळखत चालला.

या ढगांच्या प्रकारांना नावे देऊन फार वर्षे झाली नव्हती. लूक हॉवर्ड या लंडनच्या औषधनिर्मात्याने १८०२ च्या डिसेंबरमध्ये वाचलेल्या निबंधात तंतुमेघ, राशिमेघ, स्तरमेघ आणि वर्षामेघ यांची वर्गवारी प्रथम मांडली होती. दहा वर्षांच्या आत पुस्तकबांधणी करणारा एक तरुण भर पावसात घरी जाताना ती नावे वापरून आकाश वाचीत होता. ज्ञान पुस्तकातून रस्त्यावर येते ते असे.

या वर्णनातील विनोद कशावर उभा आहे, याचा थोडा विचार करा. यंत्रशास्त्रातील प्रत्येक मोठी संज्ञा येथे शरीराला बसलेल्या एका धक्क्यातून अवतरते. विचार उच्च आणि अनुभव चिखलाचा, या विसंगतीतून हसू येते. त्याचबरोबर या वृत्तान्तातून मायकेलच्या मनाची घडणही दिसते. त्याच्या मनात सिद्धान्त आधी आणि उदाहरण नंतर असा क्रम नाही. डबके, पन्हळ आणि घसरट फरशी यांच्यापासून त्याचा विचार सुरू होतो. ज्या गोष्टीला दुसरा पादचारी शिव्या देऊन मोकळा झाला असता, तिला तो प्रश्न विचारतो. कोणतीही गोष्ट लक्ष देण्यास अपात्र नाही, हा त्याच्या स्वभावाचा गाभा होता.

६. श्रद्धा आणि निरीक्षण

मायकेलच्या आठवड्यातील रविवार मंडळीच्या उपासनेचा असे. प्रश्न असा पडतो की, त्या उपासनेचा आणि नाण्यांच्या विद्युतघटाचा काही संबंध होता काय?

या प्रश्नाचे सोपे उत्तर देण्याचा मोह आपण टाळला पाहिजे. ॲबटला लिहिलेल्या या पत्रांत विज्ञानाची चर्चा भरभरून आहे, धर्माची फारशी नाही. विज्ञानाच्या आधारे ईश्वराचे अस्तित्व सिद्ध करण्याचा उद्योग मायकेलने तेव्हा केला नाही. उत्तरायुष्यातही आपल्या धर्माचा आधार बायबल आहे, तत्त्वज्ञान नाही, अशीच भूमिका त्यांनी घेतली. तसेच बायबलमधून निसर्गनियम शोधून काढण्याचा प्रयत्नही त्यांनी केला नाही. शिवाय १८१२ साली मायकेल मंडळीचा रीतसर सभासदही नव्हता. विश्वासाची जाहीर कबुली त्यांनी १८२१ च्या जुलैमध्ये, सारा बर्नार्ड यांच्याशी विवाह झाल्यानंतर महिनाभराने दिली. म्हणजे विज्ञानाप्रमाणेच श्रद्धेच्या बाबतीतही त्यांनी घाई केली नाही.

परंतु माणसाच्या मतांपेक्षा त्याच्या सवयींचा संबंध अनेकदा अधिक खोल असतो. वचनात आपल्या पदरची भर घालू नये, असे मंडळीत शिकविले जाई. प्रयोगात जे दिसले त्यात भर घालू नये, असा मायकेलचा बाणा होता. मानवी बुद्धी चुकते, म्हणून तिच्या निर्णयावर नम्रतेने पुनःपुन्हा विचार करावा, असे मंडळीत मानत. तो आपल्या प्रत्येक कल्पनेला प्रयोगाची कसोटी लावी. मंडळीत पगारी उपदेशकाचा अधिकार कोणी मानत नसे. विज्ञानातही मोठ्या नावामुळे एखादे मत त्याच्या दृष्टीने खरे ठरत नसे. त्याच उन्हाळ्याच्या उत्तरार्धात क्लोरीन हे मूलद्रव्य आहे की संयुग, यावर त्याचा आणि ॲबटचा वाद झाला. डेव्ही यांनी ते मूलद्रव्य असल्याचे प्रतिपादन केले होते आणि मायकेलला ते पटले होते. तरीही मित्राला पटविताना त्याने डेव्ही यांच्या नावाचा धाक न घालता एकामागून एक प्रयोग मांडले. निसर्ग ही एकाच निर्मात्याची सुव्यवस्थित कृती आहे, हा विश्वास त्याच्या घरातच होता. म्हणून डबक्यातील पाणी आणि आकाशातील ढग हे दोन्ही त्याला सारख्याच आदराने पाहण्याजोगे वाटले, असे म्हणणे वावगे ठरू नये.

७. ऑक्टोबर आणि त्यानंतर

उन्हाळा संपला. ७ ऑक्टोबर १८१२ रोजी उमेदवारी संपली आणि मायकेल दुसऱ्या एका मालकाकडे रोजगारी बांधणीकार म्हणून रुजू झाला. येथे पूर्वीची मोकळीक नव्हती. विज्ञानासाठी वेळ उरेनासा झाला. वडील नव्हते, आई विधवा होती, हातचा धंदा सोडणे शहाणपणाचे नव्हते. रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांना त्याने एखादे हलके का होईना काम मिळावे म्हणून पत्र लिहिले होते, त्याचे उत्तर आले नाही.

या टप्प्यावर पुस्तक क्षणभर मिटून विचार करा. गोष्ट येथेच संपली असती तर? नाण्यांचा विद्युतघट, पावसातील विचार आणि ॲबटला लिहिलेली पत्रे यांची किंमत शून्य झाली असती काय? मायकेलने ते सर्व नोकरीच्या आशेने केले नव्हते. ज्ञानाचा आनंद हेच त्याचे वेतन होते, आणि ते त्याला त्या उन्हाळ्यातच पूर्णपणे मिळाले होते.

पुढची हकिगत प्रसिद्ध आहे. प्रयोगशाळेतील स्फोटात डेव्ही यांच्या डोळ्याला इजा झाली, तेव्हा काही दिवस लेखनिक म्हणून मायकेलला बोलावण्यात आले. वर्षअखेरीस त्याने डेव्ही यांच्या व्याख्यानांची स्वतः लिहिलेली आणि बांधलेली टिपणे त्यांना पाठविली. डेव्ही यांनी भेट दिली, पण बांधणीचा धंदा सोडू नये असा सल्लाही दिला. नंतर रॉयल इन्स्टिट्यूशनमधील मदतनिसाची जागा रिकामी झाली आणि १ मार्च १८१३ रोजी, आठवड्याला २५ शिलिंग वेतन आणि वरच्या मजल्यावरील दोन खोल्या अशा अटींवर, मायकेल फॅरडे विज्ञानाच्या सेवेत दाखल झाला.

१८२१ मध्ये फॅरडे यांनी विद्युतप्रवाह आणि चुंबक यांच्या साहाय्याने सतत परिभ्रमण घडवून दाखविले. २९ ऑगस्ट १८३१ रोजी विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचा शोध लागला. १८३३-३४ च्या सुमारास त्यांनी विद्युत अपघटनाचे नियम मांडले. सात नाण्यांच्या स्तंभाने गढूळ झालेल्या त्या द्रावणाशी या नियमांचे नाते तुमच्या ध्यानात आले असेलच. पावसात भिजणाऱ्या तरुणाची दृष्टीही टिकून राहिली. मुलांसाठी दिलेल्या नाताळच्या व्याख्यानांत त्यांनी साध्या मेणबत्तीवरून रसायनशास्त्राचा मोठा पट उलगडला. टिपणवहीची सवयही सुटली नाही. त्यांच्या प्रयोगांच्या दैनंदिनीतील क्रमांकित नोंदी सोळा हजारांवर गेल्या.

मंडळीत त्यांनी वडील म्हणून सेवा केली. संपत्ती साठवू नये हा संस्कारही त्यांनी पाळला आणि भरपूर पैसा देणारी व्यावसायिक सल्लागाराची कामे कमी करून संशोधनाला वेळ दिला. रॉयल सोसायटीचे अध्यक्षपद त्यांनी नाकारले. २५ ऑगस्ट १८६७ रोजी हॅम्प्टन कोर्ट येथे त्यांचे निधन झाले. लंडनच्या हायगेट दफनभूमीत प्रस्थापित चर्चबाहेरच्या लोकांसाठी राखलेल्या भागात, साध्या दगडाखाली त्यांचे दफन झाले.

८. समारोप

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी अनेकजण दिवसभर नोकरी, शेती किंवा घरकाम करून रात्री ही पुस्तिका उघडत असतील. मायकेलच्या उन्हाळ्याकडे तुम्ही अधिक जवळिकीने पाहू शकाल. त्याच्याजवळ वर्ग नव्हता, म्हणून त्याने मित्राला पत्र लिहून वर्ग निर्माण केला. त्याच्याजवळ उपकरणे नव्हती, म्हणून त्याने खिशातील नाणी वापरली. वेळ नव्हता, म्हणून घरी जाण्याची वाटच त्याने अभ्यासाची केली. या प्रत्येकाला यश मिळेलच असे आश्वासन कोणतेही प्रामाणिक चरित्र देऊ शकत नाही. फॅरडे यांच्या आयुष्यातही एका रिकाम्या जागेचा योग आला नसता, तर इतिहास वेगळा झाला असता. परंतु तो योग आला तेव्हा तो तयार होता. ती तयारी १८१२ च्या उन्हाळ्यातील सामान्य दिवसांनी केली होती.

चरित्र वाचताना म्हणूनच शोधांच्या तारखांइतकेच अशा सामान्य दिवसांकडेही लक्ष द्यावे. माणूस कशामुळे थोर ठरला हे तारखा सांगतात. तो कसा जगला, हे एखादी पावसाळी संध्याकाळ सांगते.

स्वाध्याय

१. मायकेल फॅरडे यांच्या जडणघडणीत पुस्तकबांधणीच्या दुकानाचा वाटा कोणता, ते विशद करा.
२. ॲबटला लिहिलेल्या पत्रांमागील मायकेलचा हेतू स्पष्ट करा. पत्र हा लेखनप्रकार आत्मशिक्षणाचे साधन कसा ठरतो?
३. पावसातील प्रवासाच्या वृत्तान्तातील विनोद आणि वैज्ञानिक दृष्टी यांचा संबंध उलगडून दाखवा.
४. सँडेमनियन मंडळीचे संस्कार आणि फॅरडे यांची प्रयोगनिष्ठा यांविषयी या घटकात मांडलेल्या विचाराचे परीक्षण करा.
५. कामावरून घरी परततानाच्या वाटेवर तुम्हांला दिसलेल्या तीन साध्या गोष्टी निवडा आणि त्यांच्याविषयी पडलेले प्रश्न मित्राला लिहिलेल्या पत्राच्या रूपात दीड पानात मांडा.